शंकेची मर्यादा

परकीय मालकीच्या समाजमाध्यमांवर सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव घातलेली बंदी हा सामान्यतः परराष्ट्रनीतीचा किंवा व्यापारनीतीचा विषय मानला जातो आणि तिची चर्चाही त्याच अंगाने होते: शेजारी राष्ट्राला जरब बसली की नाही, देशी कंपन्यांना किती बाजारपेठ मिळाली, कोणाचे किती नुकसान झाले. या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे व ते कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. अशी बंदी घडून गेलेल्या अपराधाबद्दल नसते, घडू शकेल अशा अपायाबद्दल असते, आणि म्हणून तिच्या मुळाशी निश्चित ज्ञान नसून शंका असते. मग केवळ शंकेच्या आधारावर कोट्यवधी माणसांच्या हातातले बोलण्याचे साधन काढून घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला कितपत आहे, ती शंका खरी आहे की नुसती उच्चारलेली आहे हे ओळखायचे कसे, आणि तिला काही मर्यादा असते की ती अनंत काळ चालू राहू शकते?

या प्रश्नांसाठी लागणारी परिभाषा भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वी घडवून ठेवली आहे. न्यायदर्शन, म्हणजे अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांपासून चालत आलेली तर्कविचाराची परंपरा, ज्या सोळा पदार्थांच्या विवेचनावर उभी आहे त्यांत संशय हा तिसरा पदार्थ आहे आणि निर्णय हा नववा. एकाच वस्तूविषयी परस्परविरोधी धर्मांची प्रतीती होणे म्हणजे संशय; अंधूक उजेडात समोर दिसणारी उंच आकृती खांब आहे की माणूस, हे त्याचे शास्त्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले उदाहरण होय. नैयायिकांना संशय हा मनाचा दोष वाटत नाही. भाष्यकार वात्स्यायन सांगतो की जी गोष्ट सर्वस्वी अज्ञात आहे किंवा जी निश्चित झालेली आहे तिच्याबाबत पद्धतशीर परीक्षेची प्रवृत्ती होत नाही. ती होते संशयित गोष्टीबाबत. मात्र संशयाने परीक्षेला आरंभ होतो आणि निर्णय होतो तो पक्ष व प्रतिपक्ष या दोहोंचा विचार केल्यानंतरच. सूत्रकाराने निर्णयाची व्याख्याच तशी केली आहे. संशय आणि निर्णय यांच्या मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अनुमानाचे अवयव आणि तर्क असे पाच पदार्थ येतात, आणि ते ओलांडल्यावाचून संशयावरून थेट निर्णयावर उडी मारणाऱ्याला या परंपरेत विचारवंत म्हणत नाहीत. महाराष्ट्रातील शास्त्री परंपरेला हे दर्शन परके नाही. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आजही या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. अशा परंपरेचे मोजमाप आजच्या राज्यकारभाराला लावून पाहण्यात काही आगंतुकपणा आहे असे मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी भारतातील उदाहरण सर्वांत जवळचे. १५ जून २०२० रोजी पूर्व लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या संघर्षात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, २९ जून रोजी, केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ खाली ५९ ॲप्स बंद करण्याचा आदेश काढला. त्यांत टिकटॉक होते, वीचॅट होते, यूसी ब्राउझर, शेअरइट, कॅमस्कॅनर आणि कपड्यांची विक्री करणारे शीइनही होते. पुढे जुलैत आणखी ४७, सप्टेंबरमध्ये ११८ आणि नोव्हेंबरमध्ये ४३ ॲप्सची त्यात भर पडली. २९ जूनच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात दिलेले कारण असे होते की, ही ॲप्स वापरकर्त्यांची माहिती चोरून, परवानगीविना, देशाबाहेरील सर्व्हरवर पाठवतात अशा तक्रारी आल्या असून त्यामुळे देशाच्या सार्वभौमत्वाला, एकात्मतेला, संरक्षणाला आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा पोहोचते. पत्रकात चीनचे नाव नव्हते, परंतु यादीतील ॲप्सना जोडणारा धागा कोणता हे कोणालाही सांगावे लागले नाही. एकट्या टिकटॉकचे भारतात त्या वेळी सुमारे २० कोटी वापरकर्ते होते.

हा आदेश ज्या कायदेशीर वाटेने जातो ती वाट जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण संशयापासून निर्णयापर्यंतचा प्रवास कसा व्हावा याचे एक चित्र तिच्यात विधिमंडळाने आणि प्रशासनाने स्वतःच रेखाटलेले आहे. कलम ६९-अ खालील २००९ च्या नियमांनुसार एखादा मजकूर रोखण्याची विनंती प्रथम पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जाते, जो संयुक्त सचिवापेक्षा कमी दर्जाचा असू शकत नाही. मग त्याच्या अध्यक्षतेखालील समिती, जिच्यात विधी व न्याय, गृह आणि माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रतिनिधी असतात, ती विनंती तपासते. संबंधित व्यक्तीला अथवा मध्यस्थ कंपनीला किमान ४८ तासांची नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकले जाते. आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवली जातात. निकडीच्या प्रसंगी सचिव आधी हंगामी आदेश देऊ शकतो, पण तोही ४८ तासांत समितीपुढे न्यावा लागतो. याखेरीज एक पुनर्विलोकन समिती असते व तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसावे अशी अपेक्षा आहे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमातील कलम ६६-अ रद्द केले आणि ६९-अ मात्र कायम ठेवले, ते याच संरक्षक तरतुदींच्या भरवशावर. इतके सर्व झाल्यावर नियम १६ येतो आणि सांगतो की या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळली जावी. याचा परिणाम असा की पक्ष आणि प्रतिपक्ष यांचा विचार झाला असेल तर तो बंद दाराआड झाला, कारणे लिहिली गेली असतील तर ती ज्याचे ॲप त्यालाच कदाचित कळली, आणि ज्यांचा आवाज गेला त्यांच्यापर्यंत पोहोचले ते केवळ एक प्रसिद्धिपत्रक. न्यायपरंपरेच्या भाषेत सांगायचे तर परार्थानुमान, म्हणजे दुसऱ्याला पटावे यासाठी पाच अवयवांनी मांडलेले अनुमान, येथे झालेच नाही. राज्यसंस्थेने स्वार्थानुमानावर, स्वतःपुरत्या खात्रीवर, भागवले.

राज्यसंस्थेची बाजू दुबळी आहे असे मात्र नव्हे, आणि पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासकट मांडणे हे सिद्धान्ती म्हणवणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. टॉमस हॉब्जने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ या ग्रंथात राज्यसंस्थेच्या अस्तित्वाचे प्रयोजनच प्रजेचे रक्षण हे मानले, आणि रक्षणासाठी काय आवश्यक आहे हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळेच सार्वभौमाकडे सोपवला. विसाव्या शतकात हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने तंत्रज्ञानाच्या नीतिशास्त्रावरील आपल्या १९७९ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जेथे संभाव्य हानी अपरिवर्तनीय आणि व्यापक असते तेथे शुभ भाकितापेक्षा अशुभ भाकिताला अधिक वजन द्यावे. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणे म्हणजे हानी पूर्ण होईपर्यंत थांबणे ठरू शकते. एकदा परदेशी गेलेली माहिती परत आणता येत नाही. आज वीस वर्षांचा असलेला मुलगा उद्या सैन्याधिकारी, न्यायाधीश किंवा मंत्री होईल, आणि त्याच्या आवडीनिवडी, त्याचे मित्र, त्याचे रात्रीअपरात्रीचे ठावठिकाणे परक्या सत्तेच्या कोठारात आधीच साठलेले असतील, ही भीती काल्पनिक म्हणून उडवून लावता येणारी नाही. कौटिल्यालाही ती परिचित होती. ‘अर्थशास्त्रा’त गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, जे प्रकार सांगितले आहेत त्यांत तापस आहे, गृहस्थ आहे आणि वैदेहक, म्हणजे व्यापाऱ्याच्या वेषातला हेर, हाही आहे, व्यापार आणि हेरगिरी एकाच वाटेने चालतात हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. तरीही याच ग्रंथात पण्याध्यक्षाने, म्हणजे व्यापारावरील अधिकाऱ्याने, परदेशातील माल सवलती देऊन आणवावा असे सांगितले आहे, आणि हेराने आणलेली बातमी एकाच्या तोंडून खरी मानू नये, परस्परांना न ओळखणाऱ्या तिघांची एकवाक्यता झाली तरच ती विश्वासार्ह धरावी, असा दंडकही घालून दिला आहे. परक्याविषयी अखंड सावध असलेला हा आचार्य स्वतःच्या शंकेविषयीही तितकाच सावध आहे, आणि नेमका हाच दुसरा अर्धा भाग त्याचे नाव घेणारे आजचे सुरक्षाविचारक विसरतात.

तेव्हा शंका बाळगावी की नाही हा वाद नाहीच. वाद आहे तो शंकेचा हेतू कोणता याचा. अनुमानात ज्या खुणेवरून आपण न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत जातो तिला हेतू म्हणतात, आणि हेतू व साध्य यांचे अव्यभिचारी साहचर्य, म्हणजे कधीही न मोडणारी सोबत, तिला व्याप्ती म्हणतात. धूर आहे तेथे अग्नी असतो ही व्याप्ती निर्दोष आहे. अग्नी आहे तेथे धूर असतो ही मात्र सदोष आहे, कारण अग्नीपासून धूर होतो तो इंधन ओले असेल तेव्हाच. ओल्या इंधनासारख्या या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात, आणि उपाधी उघड झाली की मूळ हेतू निकामी होतो. ‘ॲप परकीय मालकीचे आहे, म्हणून ते घातक आहे’ हे अनुमान या कसोटीवर उतरत नाही. स्वीडनची स्पॉटिफाय परकीय आहे, अमेरिकेची व्हॉट्सॲप परकीय आहे. परकीयत्व आणि घातकपणा यांची व्याप्ती कोणीच गंभीरपणे मांडत नाही. मांडली जाते ती एका लपलेल्या अटीसह: मालक कंपनी अशा राज्याच्या अंमलाखाली आहे की ते राज्य तिला माहिती देण्यास भाग पाडू शकते आणि त्या सक्तीविरुद्ध तिला स्वतंत्र न्यायालयात दाद मागता येत नाही. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याच्या सातव्या कलमाने सर्व संघटनांवर आणि नागरिकांवर गुप्तवार्ता कार्यात सहकार्य करण्याचे बंधन घातले आहे, आणि टिकटॉकची मालक असलेली बाइटडान्स ही २०१२ मध्ये बीजिंगमध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. शंकेला आधार देणारा खरा हेतू हा आहे. येथे ओले इंधन म्हणजे अनियंत्रित सक्तीची सत्ता. मालकाचे राष्ट्रीयत्व नव्हे.

हेतू असा नेमका केला की दोन गोष्टी घडतात आणि त्या दोन्ही राज्यसंस्थेला गैरसोयीच्या आहेत. पहिली ही की, तो हेतू मित्रराष्ट्रांनाही लागू होऊ लागतो. भारताच्या आदेशानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १६ जुलै २०२० रोजी, युरोपीय संघाच्या न्यायालयाने फेसबुकसंबंधीच्या एका खटल्यात युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेत पाठवण्याची प्रायव्हसी शील्ड नावाची व्यवस्था रद्द ठरवली, आणि त्याचे कारण असे की अमेरिकी पाळत कायद्यांखाली त्या माहितीवर जी सक्ती होऊ शकते तिच्याविरुद्ध युरोपीय माणसाला परिणामकारक दाद मागता येत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की त्या न्यायालयाने अमेरिकेला शत्रू म्हटले नाही, फेसबुकवर बंदी घातली नाही, कोणाच्या हातातून काही काढून घेतले नाही. त्याने उपाधीवर बोट ठेवले आणि तिची परीक्षा जाहीर निकालपत्रात केली. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ओले इंधन घरातही असू शकते. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून, कार्यकारी आदेशाने नागरिकांची माहिती मिळवण्याची सत्ता ज्या राज्याने स्वतःकडे राखली आहे, त्या राज्याने परकीय सक्तीविषयी व्यक्त केलेली भीती तिच्याच तर्कानुसार स्वतःकडे वळते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या सतराव्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना, सुरक्षेच्याच कारणास्तव, या कायद्यातून वगळण्याची मुभा दिली आहे. नागरिकाच्या खाजगीपणाचे रक्षण हे बंदीचे कारण असेल, तर हे रक्षण केवळ परक्यापासून करावयाचे आहे आणि स्वकीयापासून नाही, हे वेगळ्या युक्तिवादाने सिद्ध करावे लागेल, आणि तसा युक्तिवाद कोणी केलेला दिसत नाही.

शंका खरी की नुसती उच्चारलेली, या प्रश्नाला दहाव्या शतकातील मिथिलेच्या उदयनाचार्यांनी जे उत्तर दिले ते या सर्व चर्चेचा कणा ठरावे इतके मोलाचे आहे. चार्वाकांचा आक्षेप असा होता की अनुमान कधीच प्रमाण होऊ शकत नाही, कारण आजवर धुराबरोबर अग्नी दिसला तरी अन्य देशी, अन्य काळी तो दिसणार नाही ही शंका नेहमीच घेता येते. ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात उदयनाने त्यावर दाखवून दिले की शंकेला व्याघात ही सीमा आहे. व्याघात म्हणजे शंकाकाराच्या शंकेचा त्याच्याच आचरणाशी येणारा विरोध. धूर हवा असला की जो न चुकता अग्नी पेटवतो, भूक लागली की जो अन्नाकडेच वळतो, त्याने अग्नी व धूर किंवा अन्न व तृप्ती यांच्या संबंधावर शंका व्यक्त करावी याला अर्थ नाही. ती शंका त्याच्या जिभेवर आहे, त्याच्या व्यवहारात नाही.

ही कसोटी अमेरिकेतील घटनांना लावली की निकाल लागायला वेळ लागत नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की बाइटडान्सने टिकटॉकची मालकी सोडावी, नाहीतर ते ॲप देशात बंद व्हावे. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांच्या नियंत्रणाखालील ॲप्सना हा कायदा उद्देशून होता. १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो वैध ठरवला. १७ कोटी अमेरिकनांची माहिती परक्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा धोका हा त्या निकालाचा आधार होता, आणि न्यायालयाने सरकारने सादर केलेल्या गोपनीय पुराव्याकडे न पाहता उघड नोंदींवर तो दिला, ही गोष्ट न्यायमूर्ती गोर्सच यांनी आवर्जून वाखाणली. ती वाखाणण्याजोगीच होती. १९ जानेवारीला कायदा अमलात आला, ॲप काही तास बंद पडले, आणि दुसऱ्याच दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षांनी अंमलबजावणी ७५ दिवसांसाठी थांबवली. मग एप्रिलमध्ये मुदत वाढली, जूनमध्ये वाढली, सप्टेंबरमध्ये वाढली. ज्याला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचा गंभीर धोका मानले, ते ॲप मूळ मालकाच्याच हाती महिनोन्‌महिने चालू राहिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर व्हाइट हाउसने स्वतःचे खाते त्याच ॲपवर उघडले. उदयनाला व्याघाताचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागले नसते.

भारताचा व्याघात इतका ढळढळीत नाही, पण तो आहे. २०२० मध्ये जेव्हा नागरिकांच्या माहितीच्या चोरीचे कारण देऊन ५९ ॲप्स बंद झाली, तेव्हा त्या माहितीच्या रक्षणाचा सर्वंकष कायदा देशात नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले होते, न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल व मसुदा दिला होता, २०१९ मध्ये विधेयक संसदेत आले आणि २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले; कायदा झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये आणि त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. याच काळात शाओमी, विवो, ओप्पो या चिनी कंपन्यांचे फोन भारतात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या फोनांत मोडत होते. ॲपला फोनच्या ज्या कप्प्यात शिरण्याची परवानगी मिळते तेवढेच त्याला दिसते. फोन बनवणाऱ्याच्या हातात सगळेच कप्पे असतात. ज्याला कप्प्यातील हाताची एवढी धास्ती वाटते त्याला सबंध पेटीचा विचार करावासा वाटू नये, हे समजण्यासारखे नाही.

या युक्तिवादावरचा सर्वांत भेदक आक्षेप बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात आधीच नोंदवून ठेवला आहे. त्याचे म्हणणे असे की व्याघाताने शंका मिटत नाही. किंबहुना व्याघात आहे असे म्हणायचे तर शंकाही आहे असे मानावेच लागते, कारण विरोध हा शंका आणि आचरण या दोघांत असतो. माणूस शंका मनात ठेवूनही वागतो. राज्यसंस्थेच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की सर्व धोके एकदम मिटवणे तिला शक्य नसते. फोन बंद केले तर अर्थव्यवहार थांबेल, कायदा करायला वर्षे लागतात, म्हणून जे आज हातात आहे ते तिने केले, आणि बाकीचे राहिले एवढ्यावरून तिची शंका खोटी ठरत नाही. हे उत्तर टाकाऊ नाही. पण श्रीहर्षाला गंगेश उपाध्यायाने ‘तत्त्वचिन्तामणी’त जे प्रत्युत्तर दिले त्याचा रोख असा की, एखाद्या कारणाचा कार्यासाठी नियमाने आश्रय करणे आणि त्याच वेळी ते कारण आहे की नाही याची शंका धरणे, हे दोन्ही एकाच माणसात एकत्र राहू शकत नाहीत. एखादे काम अपुरे राहणे वेगळे आणि उलट दिशेला पाऊल टाकणे वेगळे. भारताचा कायदा उशिरा आला हे अपुरेपण आहे, आणि ते क्षम्य मानता येईल. त्या कायद्यातूनच सरकारी यंत्रणांना वगळण्याची वाट ठेवणे हे उलट दिशेचे पाऊल आहे. अमेरिकेने त्याच एप्रिल २०२४ च्या संचात माहिती-दलालांनी अमेरिकनांची संवेदनशील माहिती प्रतिस्पर्धी राष्ट्रांना विकू नये असा दुसराही कायदा केला, हे तिच्या शंकेच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने मोजले पाहिजे; व्हाइट हाउसचे खाते मात्र कोणत्याही बाजूने मोजले तरी त्या प्रामाणिकपणाच्या विरुद्धच जाते.

आतापर्यंतच्या विवेचनात शंका घेणारा आणि ज्याच्यावर शंका घेतली तो, असे दोनच पक्ष आले. ज्याच्यासाठी म्हणून शंका घेतली जाते तो तिसरा पक्ष, म्हणजे वाचणारा, पाहणारा, बोलणारा नागरिक, कोठे आहे? हा प्रश्न नवा नाही. विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ वर मराठीत लिहिलेल्या ग्रंथावर ब्रिटिश सरकारने १९०९ मध्ये, तो प्रकाशित होण्यापूर्वीच, बंदी घातली. परदेशात छापलेले पुस्तक बंदरावरच अडवण्याची सोय सागरी सीमाशुल्क कायद्याने सरकारला दिलेली होती. ही बंदी मुंबई सरकारने उठवली ती १९४६ मध्ये. त्या ग्रंथातील विचारांशी कोणी सहमत असो वा नसो, न वाचलेल्या पुस्तकाविषयीची शंका ३७ वर्षे टिकू शकली, कारण ती शंका वाचकासमोर कधी सिद्ध करावी लागलीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये लॅमॉन्ट खटल्यात याच तिसऱ्या पक्षाला प्रथम ओळख दिली. परदेशातून येणारा ‘कम्युनिस्ट प्रचार’ टपाल खाते अडवून ठेवी आणि पत्त्यावरच्या माणसाने कार्ड भरून मागितला तरच तो सोडी. लॅमॉन्ट यांच्या नावे आलेला ‘पेकिंग रिव्ह्यू’चा अंक असाच अडकला होता. न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. पाठवणारी चिनी संस्था परकीय होती आणि तिला अमेरिकी घटनेचे संरक्षण नव्हते, हे त्यात गौण ठरले, कारण हक्क मजकूर स्वीकारणाऱ्याचा होता.

भारतीय घटनेतील अनुच्छेद १९ चे स्वातंत्र्य केवळ नागरिकांना आहे. यामुळे कलम ६९-अ च्या व्यवस्थेत एक विचित्र पोकळी निर्माण होते: नोटीस जाते ती परकीय कंपनीला, जिला हे स्वातंत्र्य मागताच येत नाही, आणि ज्याला ते मागता येते त्या नागरिकाला नोटीस जात नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी याच कलमाखालील आदेशांविरुद्धची ट्विटरची याचिका ५० लाख रुपयांच्या दंडासह फेटाळली तेव्हाही परकीय कंपनीला हा अनुच्छेद उपलब्ध नसल्याचा मुद्दा त्या निकालात होताच. टिकटॉक मराठीसह १४ भारतीय भाषांत चालत असे, आणि त्यावर बोलणाऱ्यांत खेड्यापाड्यांतील, शेतमजुरी करणारी, इंग्रजी न येणारी, नाटक-सिनेमाच्या दारातही कधी उभी न राहिलेली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांनी केलेले सर्व काही सभ्य किंवा सुंदर होते असे म्हणण्याची गरज नाही; मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये मुलांवरील परिणामांच्या चिंतेने या ॲपच्या डाउनलोडवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, आणि त्याच महिन्यात म्हणणे ऐकून ते मागेही घेतले होते. तिथे आक्षेप मजकुरावर होता, म्हणून मजकुराविषयी उत्तर देता आले. २०२० मध्ये आक्षेप मालकावर होता, आणि मालकाच्या दोषाचे उत्तर चाळीसगावच्या किंवा परभणीच्या पोराने द्यायचे तरी काय? शिक्षा मात्र त्याला झाली. त्याने जमवलेला प्रेक्षकवर्ग आणि रचलेले चित्रफितींचे भांडार एका संध्याकाळीत गेले. ज्याच्या रक्षणासाठी शंका घेतली जाते त्याच्यावरच तिचा भार टाकला जात असेल, तर निदान ती शंका त्याला सांगितली गेली पाहिजे. गुप्तहेरांची नावे आणि तांत्रिक पद्धती झाकून ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. पण कोणता हेतू, कोणती व्याप्ती आणि कोणती उपाधी या तिन्ही गोष्टी कोणत्याही हेराला उघडे न पाडता सांगता येतात, हे युरोपीय न्यायालयाने २०२० मध्येच करून दाखवले आहे.

राहिला काळाचा प्रश्न. हंगामी आदेश हा सावधगिरीचा उपाय असतो आणि योनासच्या युक्तिवादाने तो समर्थनीय ठरतो. कायम आदेश हा निर्णय असतो, आणि त्याला निर्णयाचेच नियम लागतात. या बंद्यांचे पुढे काय झाले ते पाहिले तर राज्यसंस्थेलाही हे उमगलेले दिसते, पण अर्धवट. सप्टेंबर २०२० च्या यादीतील पबजी हा खेळ मूळ कोरियन कंपनीने नव्या नावाने २०२१ मध्ये भारतात आणला, २०२२ मध्ये तो पुन्हा अडवला गेला आणि २०२३ मध्ये अटींसह परतला. जून २०२० च्या यादीतील शीइन फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्सच्या हाताने, माहिती भारतातच ठेवण्याच्या अटीवर, परत आले. या दोन्ही प्रसंगी उपाधी दूर करता येते, म्हणजे परकीय सक्तीचा दोर कापून बाकीचे साधन लोकांना परत देता येते, हे सरकारने प्रत्यक्ष कृतीने मान्य केले. कपडे विकणाऱ्या ॲपला जो मार्ग उपलब्ध झाला तो बोलण्याचे साधन असलेल्या ॲपला का झाला नाही, त्यासाठी कोणत्या अटी घालून पाहिल्या व त्या का नाकारल्या गेल्या, किंवा घालूनच पाहिल्या नाहीत, याची कारणे नियमाप्रमाणे कोठेतरी लेखी असली पाहिजेत. पुट्टस्वामी निकालाने हक्काच्या संकोचाला प्रमाणबद्धतेची, म्हणजे उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढ्याच संकोचाची, जी कसोटी घालून दिली, तिची पूर्तता झाली की नाही हे त्या कारणांवाचून ठरवता येत नाही. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या पुनर्विलोकन समितीने ती कारणे, गोपनीय तपशील वगळून, त्या २० कोटी लोकांपुढे ठेवावीत, यासाठी नवा कायदाही करावा लागत नाही. नियम १६ बदलणे केंद्र सरकारच्या हातात आहे.